अदृश्य सूचीकार : संगणकातील पार्श्वभूमी सूचीकरणाच्या दृश्यतेचा ऐतिहासिक आढावा

१. प्रस्तावना :

ग्रंथाच्या अखेरीस दिलेली सूची ही अभ्यासकाच्या नित्य उपयोगाची गोष्ट आहे. व्यक्तिनामे, स्थलनामे व विषय यांची सूची लावणारा सूचीकार वाचकाला बहुधा अपरिचित असतो. तथापि त्याने काय घेतले आणि काय वगळले, हे ग्रंथ समोर असल्यामुळे केव्हाही ताडून पाहता येते. गेल्या चार दशकांत असाच एक सूचीकार संगणकात येऊन बसला आहे. वापरकर्ता आपल्या कामात गढलेला असताना, किंवा संगणक नुसताच चालू असताना, तो साठवलेल्या फाइली एकामागून एक उघडतो, त्यांतील शब्द टिपतो आणि कोणता शब्द कोणत्या फाइलीत आहे याची नोंद ठेवतो. संगणकाच्या परिभाषेत या कामाला इंडेक्सिंग म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'सूचीकरण' हा शब्द योजला आहे.

हा सूचीकार वापरकर्त्याला कितपत दिसावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक सोयीचा वाटतो. वस्तुतः त्यात तीन वेगवेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला श्रमाचा : सूचीकरण या क्षणी चालू आहे काय, आणि त्यामुळे संगणक मंदावला आहे काय? दुसरा व्याप्तीचा : कोणत्या फाइली वाचल्या गेल्या आणि कोणत्या राहिल्या? तिसरा अधिकाराचा : हे काम कोणाच्या संमतीने सुरू झाले, तयार झालेली सूची कोणाला पाहता येते आणि ती कोणाला थांबवता येते? या तीन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे या विषयाचा इतिहास वादग्रस्त ठरला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. निर्मात्यांनी बहुतेक वेळा श्रम दाखवावा की लपवावा एवढाच विचार केला. व्याप्ती व अधिकार यांचा विचार तक्रारी उद्भवल्यानंतर झाला. सदर लेखात या इतिहासाचा आढावा घेऊन त्याचा मराठी अभ्यासकाशी असलेला संबंध तपासला आहे.

२. सूचीकरणाची गरज व कार्यपद्धती :

व्यक्तीच्या सर्व कागदपत्रांचा यांत्रिक साठा असावा आणि त्यातून हवे ते क्षणात हाती यावे, ही कल्पना व्हॅनेव्हर बुश यांनी जुलै १९४५ मध्ये 'द अटलांटिक' मासिकातील लेखात 'मेमेक्स' या नावाने मांडली होती. ती प्रत्यक्षात येण्यास दीर्घ काळ लागला, याचे एक कारण वेगाचे होते. शब्द शोधण्यासाठी प्रत्येक वेळी प्रत्येक फाइल आरंभापासून वाचायची म्हटल्यास साठ्याच्या प्रमाणात वेळ वाढत जातो. म्हणून शोधाच्या आधीच सर्व फाइली एकदा वाचून ठेवायच्या आणि शोधाच्या वेळी फक्त सूची पाहायची, हा मार्ग निघाला. श्रम टळले नाहीत, ते आधी करून ठेवण्यात आले एवढेच. आधी करून ठेवायचे म्हणजे वापरकर्त्याने काही विचारण्यापूर्वीच करायचे. दृश्यतेचा प्रश्न येथेच जन्मास येतो.

हे काम दोन टप्प्यांत चालते. प्रथम सर्व ठरलेले फोल्डर आरंभापासून वाचले जातात. हा टप्पा तासन् तास चालू शकतो. त्यानंतर एखादी फाइल बदलली की कार्यप्रणाली तशी सूचना देते आणि तेवढीच फाइल पुन्हा वाचली जाते. प्रत्येक प्रकारची फाइल वाचण्यासाठी स्वतंत्र वाचक घटक लागतो. विंडोजमध्ये त्यास 'आयफिल्टर' असे नाव आहे. ज्या प्रकारासाठी असा घटक नसेल त्या फाइलीचे नाव, आकार, दिनांक एवढेच सूचीत जाते, आतील मजकूर जात नाही. हा तपशील पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

३. रात्रीचा सूचीकार : युनिक्सचा अनुभव

१९८३ मध्ये जेम्स वुड्स यांनी युसेनिक्स संघटनेच्या वार्तापत्रात फाइली जलद शोधण्याच्या एका पद्धतीचे वर्णन केले. तिच्यातूनच पुढे युनिक्समधील 'लोकेट' ही आज्ञा रूढ झाली. यातील सूचीत फाइलींचा मजकूर नसे, फक्त त्यांची नावे व मार्ग असत. सूची तयार करण्याचे काम रात्री किंवा आठवड्यातून एकदा, संगणकावर वर्दळ नसताना होई. यामुळे श्रमाचा प्रश्न उद्भवला नाही. व्याप्तीचा प्रश्नही सौम्य होता, कारण सूची जुनी असू शकते हे जाणकार वापरकर्त्यांना ठाऊक असे. सकाळी तयार केलेली फाइल दुपारी सापडली नाही, तर त्यात कोणाला नवल वाटत नसे.

अधिकाराचा प्रश्न मात्र येथे प्रथम उपस्थित झाला. विद्यापीठातील एका संगणकावर अनेकजण काम करीत. सूचीकार सर्वाधिकार घेऊन फिरला, तर जे फोल्डर इतरांसाठी बंद आहेत त्यांतील फाइलींची नावेही तो सामाईक सूचीत नोंदवी. फाइल उघडता आली नाही तरी तिचे नाव कळे, आणि पुष्कळदा नावच सारे काही सांगून जाते. यावर दोन उपाय निघाले. एक, सूचीकाराला अत्यल्प अधिकार देणे, म्हणजे जे सर्वांना दिसते तेवढेच त्याने पाहावे. दुसरा, प्रत्येक नोंदीबरोबर तिच्या अधिकाराची नोंद ठेवून विचारणाऱ्याला फक्त त्याच्या वाट्याचे दाखवणे. 'एसलोकेट' व पुढे 'एमलोकेट' या आवृत्त्यांनी हा दुसरा मार्ग स्वीकारला. सूची ही मूळ कागदांची नुसती सावली नसून स्वतः एक नवा कागद आहे आणि तिलाही कुलूप लागते, हा धडा अशा रीतीने फार लवकर मिळाला होता. दुर्दैवाने पुढील पिढ्यांनी तो पुन्हा पुन्हा नव्याने शिकला.

४. वैयक्तिक संगणकावरील आगमन : १९८९ ते २००१

वैयक्तिक संगणकांवर डॉस ही प्रणाली असेपर्यंत पार्श्वभूमीचा प्रश्नच नव्हता, कारण ती सामान्यतः एका वेळी एकच काम करी. १९८९ मध्ये लोटस कंपनीने 'मॅगेलन' हे फाइली शोधण्याचे साधन बाजारात आणले, तेव्हा सूची वापरकर्त्याच्या डोळ्यांसमोरच तयार होई. अनेक कामे एकाच वेळी करणारे संगणक घरोघर आल्यावर चित्र पालटले. मायक्रोसॉफ्टने ऑफिस ९५ व ऑफिस ९७ यांच्यासोबत 'फाइंड फास्ट' नावाचा सूचीकार दिला. तो ऑफिसबरोबर आपोआप बसे, संगणक सुरू होताच स्वतःहून कामाला लागे आणि आपली सूची लपवलेल्या फाइलींमध्ये ठेवी. त्याचे नियंत्रण 'कंट्रोल पॅनेल'मध्ये होते, परंतु तेथे जाऊन पाहणारे थोडे. वापरकर्त्याला दिसे ते एवढेच, की आपण काहीही करीत नसताना हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतो आहे आणि संगणक अडखळतो आहे. कारण कळल्यावर अनेकांनी तो काढून टाकला, आणि जाणकारांचाही सल्ला तसाच असे. येथे लपवण्याचा हेतू वाईट नव्हता. तथापि श्रम जाणवतो आणि श्रम करणारा दिसत नाही, ही स्थिती सर्वांत वाईट ठरली. ज्याचे कारण माहीत नाही अशा खोळंब्याला माणूस बिघाडच समजतो.

याच काळात ॲपलने वेगळा मार्ग धरला. १९९८ मध्ये मॅक ओएस ८.५ सोबत आलेल्या 'शेरलॉक'मध्ये मजकुराचा शोध घेता येई, पण त्यासाठी सूची केव्हा तयार व्हावी याची वेळ वापरकर्ता स्वतः ठरवू शके. ही पद्धत प्रामाणिक होती. तिची मर्यादा अशी, की ज्याने वेळ ठरवली नाही त्याची सूची शिळी राही.

अदृश्य सूचीकाराचा सर्वांत मोठा धोका २००१ मध्ये उघड झाला. मायक्रोसॉफ्टच्या वेब-सर्व्हरसोबत सूचीकरण सेवेचा एक घटक आपोआप बसत असे. त्यातील दोषाची जाहीर सूचना व दुरुस्ती १८ जून २००१ रोजी प्रसिद्ध झाली. महिन्याभरात त्याच दोषाचा फायदा घेणारा 'कोड रेड' हा संगणकीय किडा पसरला. १९ जुलै रोजी १४ तासांपेक्षा कमी वेळात ३,५९,००० हून अधिक संगणक त्याने बाधित केले. विशेष म्हणजे सूचीकरण सेवा प्रत्यक्षात चालू असण्याचीही गरज नव्हती. संबंधित घटक वेब-सर्व्हरशी जोडलेला असणे पुरेसे होते. आपल्या संगणकात असा कोणी सूचीकार आहे हेच ज्यांना माहीत नव्हते, त्यांनी दुरुस्ती तरी कशासाठी करावी? केवळ संगणक मंदावतो म्हणून नव्हे, तर जे दिसत नाही त्याची निगा राखली जात नाही म्हणूनही दृश्यता आवश्यक असते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

५. शोधाची स्पर्धा : २००४ ते २००७

एकविसाव्या शतकाच्या आरंभी महाजालावरील शोध सेकंदात होऊ लागला आणि स्वतःच्या संगणकातील शोधाला मात्र मिनिटे लागत. ही विसंगती सर्वांनाच खटकत होती. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील सुझन डुमेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये 'स्टफ आय हॅव सीन' या प्रयोगाचा वृत्तान्त मांडला. माणसाने पूर्वी पाहिलेले पत्र, पान किंवा दस्तऐवज एकाच ठिकाणाहून पुन्हा शोधता यावा, हा त्याचा उद्देश होता. त्यानंतर अल्पावधीत बाजारात स्पर्धा सुरू झाली.

१४ ऑक्टोबर २००४ रोजी 'गूगल डेस्कटॉप सर्च'ची प्राथमिक आवृत्ती आली. ती संगणक रिकामा असताना सूची तयार करी, त्यामुळे श्रमाची तक्रार तुलनेने कमी झाली. तथापि पाहिलेली वेबपाने, ई-पत्रे व गप्पांचे मजकूर यांच्या प्रतीही ती ठेवी. घरात किंवा कार्यालयात एकच संगणक अनेकजण वापरत असतील, तर एकाने वाचलेले दुसऱ्याच्या शोधात उमटण्याची शक्यता होती. डिसेंबर २००४ मध्ये राइस विद्यापीठातील डॅन वॉलाक व त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी आणखी एक दोष दाखवून दिला. महाजालावरील शोधाच्या पानातच स्थानिक निकाल मिसळले जात असल्याने परक्या संकेतस्थळाला त्यांतील त्रोटक मजकूर वाचता येणे शक्य होते. गूगलने हा दोष दूर केला. फेब्रुवारी २००६ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत एका संगणकातील मजकूर दुसऱ्या संगणकावरून शोधण्याची सोय होती. ती निवडल्यास मजकुराच्या प्रती काही काळ गूगलच्या सर्व्हरवर राहात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने ही सोय वापरू नये असे जाहीर आवाहन केले. युनिक्सचा जुना प्रश्न येथे नव्या रूपात परतला होता : सूची कोठे आहे आणि ती कोण वाचू शकतो?

ॲपलने २९ एप्रिल २००५ रोजी मॅक ओएस एक्स १०.४ सोबत 'स्पॉटलाइट' आणले. बीओएस या प्रणालीची फाइल-व्यवस्था रचणारे डॉमिनिक जाम्पाओलो यांचा या कामात सहभाग होता. दृश्यतेच्या दृष्टीने स्पॉटलाइटची एक छोटी योजना उल्लेखनीय आहे. पडद्याच्या कोपऱ्यातील भिंगाच्या चिन्हात, सूचीकरण चालू असेपर्यंत, एक ठिपका मंदपणे उमटत व मावळत राही. त्यावर क्लिक केल्यास काम अजून चालू आहे हे कळे. ज्याला जाणून घ्यायचे त्याला कळावे आणि ज्याला नको त्याच्या कामात व्यत्यय येऊ नये, असा समतोल त्यात होता. कोणते फोल्डर वाचू नयेत हे ठरवण्यासाठी स्वतंत्र यादीही दिलेली होती.

विंडोज व्हिस्टा ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी आली. तिच्यात सूचीकरण कार्यप्रणालीचाच भाग बनले. वापरकर्ता काम करू लागताच सूचीकार आपली गती आवरती घेई आणि नियंत्रणाच्या खिडकीत तसे नमूदही करी. परंतु गूगलने अमेरिकेच्या न्याय विभागाकडे तक्रार केली, की हे सूचीकरण बंद करणे वापरकर्त्याला अवघड जाते आणि त्याच्या जोडीला दुसऱ्या कंपनीचा सूचीकार चालवल्यास संगणक मंदावतो. जून २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने काही बदल मान्य केले. वापरकर्त्याला आपल्या पसंतीचा शोध निवडता यावा आणि व्हिस्टाचा सूचीकार इतर कामांना वाट करून देतो याची माहिती ग्राहकांना व उत्पादकांना द्यावी, असे त्यांचे स्वरूप होते. पार्श्वभूमीत चालणाऱ्या एका कामाची माहिती लोकांना द्यावी, हा मुद्दा मक्तेदारीविरोधी खटल्याच्या कक्षेत यावा, ही या इतिहासातील लक्षणीय घटना होय. गूगल डेस्कटॉप पुढे सप्टेंबर २०११ मध्ये बंद झाले.

६. मुक्त आज्ञावलीतील वाद :

लिनक्सच्या जगात हाच प्रश्न व्यापारी स्पर्धेविना उपस्थित झाला, म्हणून तो अधिक स्पष्टपणे पाहता येतो. २००४ च्या सुमारास 'बीगल' हा सूचीकार पुढे आला. फाइलींतील बदलांची तत्काळ सूचना देणारी 'आयनोटिफाय' ही सोय २००५ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. तरीही बीगल संगणक व्यापून टाकतो, ही तक्रार कायम राहिली. केडीई या मेजपृष्ठात २००८ पासून आलेल्या 'नेपोमुक'चा अनुभव याहून निराळा नव्हता. २०१४ मध्ये त्याची जागा 'बालू'ने घेतली. नवा सूचीकार हलका आहे, तेव्हा तो बंद करण्याची गरजच पडू नये, या विश्वासाने आरंभीच्या आवृत्तीत चालू-बंद करण्याचे साधे बटण ठेवले गेले नाही. आपला संपूर्ण फोल्डर वगळलेल्यांच्या यादीत टाकणे, एवढाच आडमार्ग होता. वापरकर्त्यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली आणि बटण द्यावे लागले. सूचीकार हलका होता की जड, हा मुद्दा येथे गौण आहे. आपल्या घरात काम करणाऱ्याला थांबवण्याचा अधिकार आपल्याकडे असावा, ही लोकांची अपेक्षा होती.

७. व्याप्तीचा प्रश्न आणि मराठी अभ्यासक :

आतापर्यंतच्या विवेचनात श्रम व अधिकार यांचे वाद दिसले. व्याप्तीविषयी फारसा वाद झाला नाही. याचे कारण सरळ आहे. मंदावलेला संगणक जाणवतो, फुटलेले गुपित बोचते. परंतु जे सापडले नाही ते सापडले नाही, हे कळण्याचा मार्गच नसतो. मराठीत लेखन-संशोधन करणाऱ्यांना याच प्रश्नाची झळ अधिक पोहोचते.

युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता आणि विंडोज २००० पासून तिचा वापरही शक्य झाला. तरीही मराठी मुद्रण व टंकलेखन दीर्घ काळ श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांवर अवलंबून राहिले. या पद्धतीत संगणकात साठवलेली चिन्हे रोमन अक्षरांच्या संकेतांची असतात. फॉन्ट त्यांना पडद्यावर देवनागरीचे रूप देतो इतकेच. सूचीकार रूप पाहत नाही, संकेत वाचतो. त्यामुळे अशी फाइल त्याने नीट वाचली, तरी सूचीत गेलेले शब्द मराठी नसतात. वापरकर्ता युनिकोडमध्ये 'वतन' किंवा 'जमाबंदी' असा शब्द टाकतो तेव्हा उत्तर शून्य येते. सूचीकरण पूर्ण झाल्याचा निर्वाळा मात्र कायम असतो.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव येथे नमूद करण्याजोगा आहे. बलुतेदारीविषयी एक टिपण लिहिताना संगणकात त्या शब्दाचा शोध घेतला असता एकही फाइल मिळाली नाही. एम.फिल.च्या काळातील टिपणे हरवली असावीत असे गृहीत धरून दोन दिवस ती कागदांत शोधण्यात गेले. टिपणे त्याच संगणकात, नेहमीच्याच फोल्डरमध्ये होती. ती जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली होती एवढेच. हानी दोन दिवसांची झाली म्हणून सोडून देता येईल. परंतु तोच शोध आधार मानून 'या विषयावर आपल्याकडे नोंद नाही' असे एखाद्या निबंधात लिहिले गेले असते, तर चूक छापली गेली असती.

युनिकोड स्वीकारल्यानेही अडचण पूर्णतः संपत नाही. 'शेतकऱ्यांचा' या शब्दातील ऱ्य हे जोडाक्षर दोन प्रकारच्या संकेतांनी लिहिता येते आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्यापूर्वी, आणि पुष्कळदा त्यानंतरही, 'अ'वर चंद्र देऊन ते लिहिले गेले. दोन्ही रूपे एकच मानण्याची तरतूद शोधप्रणालीत नसेल, तर डोळ्यांना एक दिसणारा शब्द सूचीकाराला दोन वाटतो. मराठीतील सामान्यरूपाचा भाग याहून निराळा. 'गाव' शोधल्यास 'गावात' मिळू शकते, कारण आरंभीची अक्षरे तीच आहेत. 'घोडा' शोधल्यास 'घोड्याला' मिळेलच असे नाही. याशिवाय छायांकित पाने असलेल्या पीडीएफ फाइली असतात. त्यांतील मजकूर अक्षरओळख केल्याशिवाय सूचीत जात नाही. साध्या पीडीएफचा मजकूर वाचणारा घटकसुद्धा विंडोजमध्ये अंगभूत आला तो विंडोज ८ पासून. तोपर्यंत तो वेगळा बसवावा लागे. तो नसतानाही त्या फाइली सूचीबद्ध वस्तूंच्या संख्येत मोजल्या जात, कारण त्यांची नावे सूचीत असत.

इतिहासाच्या अभ्यासकाला 'सापडले नाही' आणि 'नाही' यांतील अंतर वेगळे सांगण्याची गरज नाही. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील कागदांचे ४५ खंड संपादित केले, त्यांचे शीर्षक 'सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर' असे आहे. ही निवड आहे हे मुखपृष्ठावरच सांगितलेले असल्यामुळे, खंडांत न आढळलेला कागद दप्तराच्या रुमालांत असू शकतो, हे अभ्यासक जाणतो. संगणकातील सूचीकार मात्र आपले काम पूर्ण झाले असे सांगतो. ही निवड आहे, हे तो सांगत नाही.

८. अलीकडील कलाटणी :

२० मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' ही सोय जाहीर केली. तिच्यात फाइलींऐवजी पडद्याचीच चित्रे थोड्या थोड्या वेळाने टिपून त्यांतील मजकुराची सूची केली जाते. बुश यांच्या मेमेक्सला ही कल्पना फाइलींच्या सूचीपेक्षाही जवळची आहे. सुरक्षातज्ज्ञांनी आरंभीच्या आवृत्तीची तपासणी करून, संगणकात शिरलेल्या परक्या आज्ञावलीला ही नोंद सहज वाचता येईल असे दाखवून दिले. जून २०२४ मध्ये कंपनीने योजना पुढे ढकलली. वापरकर्त्याने स्वतः होकार दिल्याशिवाय ती सुरू होणार नाही आणि नोंदी पाहताना ओळख पटवावी लागेल, असे बदल झाले. सर्वसामान्य वापरासाठी ती एप्रिल २०२५ मध्ये, ठरावीक नव्या संगणकांवर, उपलब्ध झाली. चित्रे टिपली जात असल्याचे चिन्ह पडद्यावर दिसते आणि काम तात्पुरते थांबवताही येते. चाळीस वर्षांपूर्वी युनिक्सने शिकवलेला धडा पुन्हा एकदा घोषणेनंतर शिकला गेला.

९. चर्चा :

सूचीकरण अदृश्यच असावे या मताला तात्त्विक आधार आहे. मार्क वायझर यांनी १९९१ मध्ये असे प्रतिपादन केले होते, की सर्वांत प्रभावी तंत्रज्ञान दैनंदिन जीवनात विरून जाते, त्याच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही. घरातील विजेची तार कोठून गेली आहे याचा विचार आपण रोज करीत नाही, हे खरेच. प्रत्येक पार्श्वभूमी कामाचे चिन्ह पडद्यावर लावल्यास गोंधळ वाढतो आणि शंकेपोटी उपयुक्त सोयही बंद केली जाते. दुसऱ्या बाजूला ब्रॅड मायर्स यांच्या १९८५ मधील अभ्यासाने दाखवले, की काम किती झाले हे सांगणारे दर्शक वापरकर्त्यांना हवेसे वाटतात.

या दोन मतांत दिसणारा विरोध, तीन प्रश्न वेगळे केल्यास बराचसा मावळतो. वायझर यांचे म्हणणे श्रमाला लागू पडते. सूचीकार चांगल्या रीतीने वाट करून देत असेल, तर त्याचा श्रम रोज दिसण्याची गरज नाही. स्पॉटलाइटच्या ठिपक्याइतकी खूण पुरे. अधिकाराला ते लागू पडत नाही. विजेची तार घरमालकाच्या संमतीने बसते आणि मुख्य कळ त्याच्या हाती असते. सूचीकरणाची संमती आरंभी, स्पष्ट शब्दांत घेतली जावी आणि थांबवण्याची कळ सहज सापडावी, हे फाइंड फास्टपासून रिकॉलपर्यंतच्या सर्व प्रसंगांचे सार आहे.

व्याप्तीची माहिती सतत दाखवणे निरुपयोगी आहे, कारण नित्याची सूचना कोणी वाचत नाही. ती उत्तराच्या वेळी दिली जावी. व्हिस्टा व त्यानंतरच्या विंडोजमध्ये, सूचीत नसलेल्या ठिकाणी शोध घेतल्यास तसे सांगणारी एक पट्टी खिडकीत वरच्या बाजूस दिसे. सूचना योग्य वेळी आली तर ती उपयोगी पडते, याचे हे उत्तम उदाहरण होय. मात्र ती फोल्डरपुरतीच मर्यादित होती. फोल्डर सूचीत आहे पण त्यातील काही फाइलींचा मजकूर वाचता आला नाही, ही बाब तिच्यातून कळत नसे. शोधाचे उत्तर शून्य येईल तेव्हा 'इतक्या फाइलींचा मजकूर वाचता आलेला नाही' एवढे एक वाक्य दिल्यास अभ्यासकाचा मोठा प्रमाद टळेल. जुन्या फॉन्टांतील फाइली ओळखणे याहून कठीण आहे. तरीही फाइलीत फॉन्टचे नाव नोंदलेले असल्याने ते सर्वस्वी अशक्य नाही.

यावर असा आक्षेप संभवतो, की सर्वसामान्य वापरकर्त्याला एवढ्या तपशिलाशी कर्तव्य नसते. आक्षेपात तथ्य आहे. परंतु शून्य हे उत्तर सामान्य प्रसंगी येत नाही, आणि ते येते तेव्हाच माणूस निर्णय घेतो : पुन्हा शोधायचे, की नाही असे समजून पुढे जायचे? निर्णयाच्या क्षणी दिलेली माहिती अनावश्यक म्हणता येणार नाही.

१०. निष्कर्ष :

१) पार्श्वभूमी सूचीकरणाच्या दृश्यतेत श्रम, व्याप्ती व अधिकार हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

२) श्रम अल्प प्रमाणात दिसला तरी पुरतो. मात्र तो जाणवत असेल तर त्याचे कारणही दिसले पाहिजे.

३) अधिकार आरंभीच स्पष्ट झाला पाहिजे. लोकेट, कोड रेड, गूगल डेस्कटॉप व रिकॉल या प्रत्येक प्रसंगी तो नंतर स्पष्ट करावा लागला आणि त्याची किंमत मोजावी लागली.

४) व्याप्ती शोधाच्या उत्तराबरोबर कळली पाहिजे, विशेषतः उत्तर शून्य असताना.

५) मराठी अभ्यासकासाठी व्याप्तीचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. महाविद्यालयांतील जुने लघुप्रबंध, टिपणे व अंकांच्या फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित होत नाहीत तोवर संगणकातील शोधाच्या आधारे 'नोंद उपलब्ध नाही' असे विधान करू नये. हे रूपांतर प्रत्येक विभागाला स्वतःच्या पातळीवर हाती घेता येण्यासारखे आहे.

सूचीकार पडद्याआड राहिला तरी चालेल. आपण काय वाचले नाही, हे मात्र त्याने विचारणाऱ्याला सांगितले पाहिजे.